काळी पाचच्या थोडा वर

"कितीला घेतलास?" पेटी उघडायच्या आधीच मामांनी विचारलं.

"अडीच हजार."

"भंगारवाल्याने पाचशेसुद्धा दिले नसते. किलोभर पितळ." मग त्यांनी झाकण उघडलं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

जोगेश्वरी पश्चिमेला, रिलीफ रोडकडे, ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार आहे. तिथे मी पुस्तकांसाठी कपाट बघायला गेले होते. एका दुकानात छताला दोन ट्रंपेट टांगलेले दिसले. कर्ण्यात बल्ब बसवलेला, पिस्टनच्या जागेतून वायर काढलेली. असे दिवे हॉटेलवाले घेऊन जातात, असं दुकानदार म्हणाला. तिसरा ट्रंपेट अजून पेटीत होता. त्याला भोक पाडायला कारागीर सोमवारी येणार होता. कपाट राहिलं. शनिवारी संध्याकाळी ती पेटी घेऊन मी रेल्वेचा पूल ओलांडला आणि पूर्वेला, मजासला मामांच्या घरी आले.

मामा माझ्या आईचे थोरले भाऊ. आयुष्यभर एका कारखान्याच्या टूलरूममध्ये टर्नर होते आणि लग्नाच्या मोसमात बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. आता समोरचे दात गेले, कवळी आली आणि वाजवणं सुटलं. मी वस्तुसंग्रहालयासाठी नोंदणीचं काम करते. आलेली वस्तू मोजायची, फोटो काढायचे, तिच्यावरचा एकेक ओरखडा लिहून ठेवायचा आणि शक्यतो तिला हात लावायचा नाही, हे माझं काम. बंद पडलेलं काही समोर आलं की मामांचा हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे जातो. त्या शनिवारी आमचा जो वाद सुरू झाला तो महिनाभर चालला. त्यात मला जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण अशा पेट्या बऱ्याच घरांच्या माळ्यांवर पडून असणार.

ट्रंपेटची अवस्था अशी होती. चांदीचा मुलामा काळा पडलेला. सांध्यांवर हिरवा कळंक. कर्ण्याच्या वळणावर मोठा पोचा, आणि माउथपीसकडून येणाऱ्या नळीवर दुसरा लहान पोचा. माउथपीस आत अडकलेला. सूर मिळवायची मोठी स्लाइड पूर्ण आत गेलेली आणि जाम. तीन पिस्टनपैकी पहिला आणि तिसरा वरच चिकटलेले. कर्ण्यावर कोरलेलं होतं: हॉक्स अँड सन, डेनमन स्ट्रीट, पिकॅडिली सर्कस, लंडन.

"सगळं निघेल," मामा म्हणाले. "पोचे काढू, सुटलेले डाख नव्याने देऊ, पिस्टन मोकळे करू. वरून चांदीचा मुलामा. अगदी नवा दिसेल."

"नवा नकोच आहे मला. मुलामा तर अजिबात नको."

"का?"

मी त्यांना पिस्टनच्या बाजूची जागा दाखवली. तिथे चांदी पार निघून खालचं पिवळं पितळ दिसत होतं, तळहाताच्या आकाराचं. "हा डावा हात आहे, मामा. कुणीतरी वर्षानुवर्षं इथे धरलंय. त्या माणसाचं नाव नाही, फोटो नाही, एवढा हातच उरलाय. मुलामा दिलात की तोही जाईल."

"घामाने खाल्लंय ते," मामा म्हणाले. "माझ्या ट्रंपेटलाही होतं. मी त्यावर चामड्याची पट्टी बांधायचो."

"तुमची पट्टी आज असती तर मी तीही नोंदवली असती."

मामा हसले नाहीत. म्हणाले, "त्या माणसाने घाम गाळला तो तू नोंद करावीस म्हणून नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी इतिहासाकडे वळले. हॉक्स अँड सन आणि बूझी या लंडनच्या दोन कंपन्या १९३० साली एकत्र झाल्या आणि पुढे वाद्यांवर दोघांचं जोडनाव येऊ लागलं. म्हणजे नुसतं हॉक्सचं नाव असलेलं हे वाद्य त्याआधीचं धरायला हरकत नाही. एवढ्या जुन्या वस्तूला आपण हात लावायचा तर त्यासाठी कारण हवं, असं मी मामांना सांगितलं.

"न वाजणं हे कारण पुरत नाही का?"

"आपल्या जोगेश्वरीच्या लेण्याचंच बघा," मी म्हटलं. "सहाव्या शतकातलं. पाण्याने, ओलीने दगड खाल्लाय. द्वारपालांचे चेहरे गेलेत. म्हणून कुणी सिमेंटचं नाक बसवतं का? ते संरक्षित स्मारक आहे. जसं आहे तसं राखायचं."

मामा जोगेश्वरीतच वाढले. लेण्याच्या पायऱ्या ते लहानपणापासून उतरत आलेत. त्यांना उत्तर शोधावं लागलं नाही.

"नाक नाही बसवत, खरं आहे. पण मधल्या गाभाऱ्यात देवी आहे ना? तिथे रोज पूजा होते, दिवा लागतो, नवरात्रात रांग लागते. पुरातत्त्व खात्याने पूजा बंद केली का? दगडाला हात लावायचा नाही, पण देवीला उपाशीही ठेवायचं नाही. योगेश्वरीचं लेणं म्हणूनच गावाला जोगेश्वरी नाव राहिलं. पूजा थांबली असती तर नुसती गुहा उरली असती."

मी हे उदाहरण काढलं होतं माझ्या बाजूने, आणि ते मामांच्या बाजूला जाऊन बसलं.

पुढच्या रविवारी मी त्यांना विचारलं, हा ट्रंपेट इथवर आला कसा असेल? माझ्या डोक्यात एक चित्र तयार होतं: एखाद्या ब्रिटिश पलटणीचा बँड, तिथून गोव्याच्या एखाद्या वादकाकडे, तिथून हॉटेलातला नाच आणि शेवटी फिल्मी रेकॉर्डिंग. मामांनी हात आडवा केला.

"पेटीत कागद आहे का? नाही ना. मग या ट्रंपेटबद्दल बोलू नकोस. त्या लोकांबद्दल हवं तेवढं बोल."

आणि मग तेच बोलत बसले. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलांना वाद्य हातात देण्याआधी स्वरलिपी वाचायला शिकवत. त्यामुळे तिथली पोरं कागद समोर ठेवला की वाजवू शकत. पलटणींच्या बँडमध्ये, संस्थानांच्या बँडमध्ये, मूकपटांच्या थिएटरांत त्यांना काम मिळे. तिसाच्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय जॅझ वादक येऊन वाजवू लागले. लिऑन ॲबीचा बँड १९३५ साली आला. त्यांचं ऐकून इथल्यांनी आपली फुंक बदलली. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ याच मुंबईत 'चिक चॉकलेट' झाले. त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. जन्म १९१६ चा, गेले १९६७ साली.

"'अलबेला'त दिसतात ते," मामा म्हणाले. "१९५१ चा. भगवानदादांचा सिनेमा, सी. रामचंद्रांचं संगीत. पडद्यावर बँडसकट उभे आहेत. माझ्या थोरल्या काकांनी तो किती वेळा पाहिला असेल. पण असं दिसायचं भाग्य किती जणांचं? बाकीचे काचेच्या मागे वाजवून घरी गेले. सिनेमाच्या पाटीवर संगीतकाराचं नाव यायचं, ट्रंपेटवाल्याचं नाही. फ्रँक फर्नांड ट्रंपेटच वाजवायचे. त्यांनी १९६३ साली 'आमचें नशीब' हा कोंकणी सिनेमा स्वतः काढला, म्हणून निदान त्यांचं नाव राहिलं."

"मग माझं म्हणणं वेगळं काय आहे, मामा? नाव राहिलं नाही म्हणूनच तर हाताची खूण ठेवायची."

"हाताची ठेव. पण आवाजाचं काय? तो माणूस हाताने ओळखला जायचा की आवाजाने?"

असं म्हणून त्यांनी ट्रंपेट उचलला. कवळी दाबून बसवली. पिस्टन वर चिकटले होते म्हणजे मधला मार्ग मोकळा होता. सुटा सूर निघायला हरकत नव्हती. पहिल्या फुंकीला नुसती हवा आली, दुसऱ्या फुंकीला घरघर. तिसऱ्या वेळी एक सूर निघाला, हलता, खरखरीत, पण सूर. शेजारच्या खोलीतून मामी बाहेर आल्या.

मामांनी ट्रंपेट खाली ठेवला आणि कपाळाला आठी घातली. "पट्टी चुकतेय."

भजनी मंडळाची पेटी त्यांच्याच घरी असते. ट्रंपेटचा सुटा सूर काळी पाचला बोलायला हवा. मामांनी पेटीवर काळी पाच दाबून धरली आणि पुन्हा फुंकलं. ट्रंपेट वर होता. पांढरी सात दाबली. तिच्या खाली होता. दोन सुरांच्या मधोमध, जिथे पेटीला पट्टीच नाही. पेटीवर विश्वास नको म्हणून फोनवरच्या ट्यूनरने पाहिलं. तेच.

"स्लाइड पूर्ण आत आहे, म्हणून थोडा चढा बोलणारच," मामा म्हणाले. "पण एवढा नाही. चुकीचा बनलाय की काय?"

चुकीचा बनला नव्हता. आज पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांवर लावतात. ही पट्टी १९३९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरली. त्याआधी ब्रिटिश लष्करी बँडची पट्टी चढी होती, ४५२ च्या आसपास. लष्कराने ती विसाच्या दशकाच्या शेवटी सोडली. इंग्लंडमधल्या गिरण्या-खाणींच्या ब्रास बँडनी मात्र साठच्या दशकापर्यंत धरून ठेवली. ४४० आणि ४५२ मधलं अंतर जवळजवळ पाव स्वराचं, म्हणजे नेमकं काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये पडणारं. आमच्यासमोरचा ट्रंपेट त्या जुन्या पट्टीत बोलत होता. कर्ण्यावरच्या नावावरून मी जो काळ धरला होता, तोच काळ ट्रंपेट आपल्या तोंडाने सांगत होता.

माझ्यासाठी वाद तिथे फिरला. मी त्याचे चाळीस फोटो काढले होते. वजन, लांबी, कर्ण्याचा व्यास, पोच्यांची खोली, सगळं वहीत होतं. त्या नोंदीत ही गोष्ट कुठेच नव्हती आणि काचेच्या कपाटात ठेवून ती कधीच कळली नसती. ती कळली एका सत्तरी ओलांडलेल्या माणसाने कवळी दाबून फुंकलं म्हणून. वाद्य मुकं ठेवणं म्हणजे ते आहे तसं ठेवणं, असं मी धरून चालले होते. ते चूक होतं, आणि हे मी मामांना त्याच दिवशी सांगितलं.

पण आता मामांचं डोकं भलतीकडे चाललं होतं. मी ट्रंपेटला दोरा लावून नळीची लांबी मोजली होती. काळी पाचच्या ट्रंपेटची नळी उलगडली तर साधारण १४८ सेंटिमीटर भरते. ही चारेक सेंटिमीटरने कमी होती.

"सोपं आहे," मामा म्हणाले. "चार सेंटिमीटरचा तुकडा लेथवर करतो. नळी कापायची, तुकडा मध्ये घालायचा, डाख द्यायचा. कायमचा काळी पाचला बोलेल. आज कुणाबरोबरही वाजेल."

"कापायचं नाही."

"मग त्याच्याबरोबर वाजवणार कोण? सगळ्या बँडमध्ये एकटा बेसूर ठरेल. वाजता केला आणि कुणात मिसळता येत नाही, तर काय उपयोग?"

"मामा, स्लाइड दोन सेंटिमीटर बाहेर ओढली तर?"

ते थांबले. स्लाइडला दोन पाय असतात. दोन सेंटिमीटर बाहेर ओढली की नळी चार सेंटिमीटरने वाढते. पिस्टनच्या छोट्या स्लाइडही त्या प्रमाणात थोड्या सरकवाव्या लागतात: दुसरी जेमतेम एक मिलिमीटर, पहिली दोन-अडीच, तिसरी चार. ओढली की आजच्या पट्टीत, आत ढकलली की पुन्हा जुन्या. काही कापायला नको, काही जोडायला नको.

"स्लाइड निघाली तर," मामा म्हणाले. "जाम आहे म्हणून तर कापायचं म्हणतोय."

मग आम्ही दोघं मिळून ती जाम स्लाइड काढायला बसलो. या कामाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण जुनी वाद्यं मोडतात ती बहुतेक इथेच. स्लाइड अडकली की माणूस पक्कड लावतो. पातळ नळी चेपते, नाहीतर आडव्या टेकूचा डाख सुटतो. कुणी गॅसवर धरतो. शिसं आणि कथलाचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो, आणि गॅसची ज्योत त्याच्या कितीतरी पुढे असते; स्लाइड सुटण्याआधी सांधे सुटतात. मामांनी ज्योत लावली नाही. रोज सकाळ-संध्याकाळ सांध्यावर गंज सोडवणारं पातळ तेल थेंब-थेंब सोडायचं आणि ठेवून द्यायचं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून केस वाळवायच्या यंत्राने बाहेरची नळी कोमट करायची. बाहेरची तापून फुगते, आतली मागे राहते, आणि त्या फटीत तेल शिरतं. मग स्लाइडच्या कमानीतून सुती पट्टा ओवून हलका झटका द्यायचा. हलत नसेल तर सोडून द्यायचं. जोर वाढवायचा नाही.

बाराव्या दिवशी स्लाइड केसभर सरकली. मामांनी मला फोन करून एवढंच सांगितलं, "निघतेय."

माउथपीससाठी त्यांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दोन पट्ट्या आणि दोन स्क्रूंचा ओढा बनवून घेतला. पिस्टन कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून, तेल देऊन, बोटांनीच सोडवले. प्रत्येक पिस्टनवर आकडा असतो आणि तो आपल्याच घरात बसतो. मधलं अंतर मिलिमीटरच्या शतांशांत मोजायचं. म्हणून पॉलिश कागद तिथे शत्रू. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला हे सांगावं लागलं नाही. मला त्यांनीच सांगितलं. पाणी काढायच्या चावीचं बूच आणि पिस्टनच्या नमद्याच्या चकत्या नव्या घातल्या. जुन्या मी कागदी पाकिटात ठेवल्या, तारीख टाकून.

पोच्यांवर मात्र आमचं जमलं नाही. माउथपीसकडच्या नळीवरचा पोचा काढायला मी हो म्हटलं. ती नळी अरुंद असते, तिथला लहान पोचाही हवेला अडवतो आणि सूर हलवतो. मामांनी पितळेचा निमुळता गोळा करून सळईने आत सरकवला आणि बाहेरून घासून-दाबून पोचा उठवला. कर्ण्याचा पोचा राहू दे, असं मी म्हणते. तिथे नळी रुंद असते, आवाजाला फारसा फरक पडत नाही. मामांना तो बघवत नाही. "वाजवणाऱ्या पोराला लोक विचारतील, कुठे आपटलास," म्हणतात. तो पोचा आज तरी आहे. गणपतीनंतर बघू, असं मामा म्हणतात, आणि मी नाही म्हणते.

मुलाम्याचा विषय त्यांनी स्वतःहून सोडला. मी पुन्हा काढला नाही.

एक वाईट गोष्टही सापडली. त्याच अरुंद नळीच्या आत, उजेड टाकून पाहिलं तेव्हा, एक गुलाबी डाग दिसला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. थुंकीतलं आम्ल वर्षानुवर्षं बसून राहिलं की जस्त निघून जातं आणि तांब्याची ठिसूळ जाळी उरते. तो डाग बुजवता येत नाही. नळी कधीतरी तिथे फुटणार. वाजवली तर लवकर, कारण दरवेळी ओल आत जाणार. हे मी मामांपुढे मांडलं तेव्हा ते गप्प झाले. मी मनातून त्यांनी नको म्हणावं याची वाट पाहत होते, हेही कबूल करते.

"वाजवून झालं की आतून कोरडी करायची," ते म्हणाले. "दरवेळी. आणि फुटली तर नळी बदलू. जुनी तुझ्या पाकिटात."

वाजवतो कोण, तर आंबोलीच्या एका ईस्ट इंडियन घरातला सोळा वर्षांचा मुलगा. त्याच्या आजोबांच्या लग्नात मामांचा बँड होता. ईस्ट इंडियन लग्नात उंबराचं पाणी आणायला घरची माणसं वाजतगाजत विहिरीवर जातात. त्या दिवशी मामांनी भर उन्हात ट्रंपेट वाजवला होता, हे त्या घरात अजून सांगतात. मुलगा दर रविवारी दुपारी मजासला येतो. स्लाइड दोन सेंटिमीटर बाहेर. मामी पेटीवर काळी पाच धरतात आणि तो तिला येऊन मिळतो. जाताना मामा स्लाइड आत ढकलायला लावतात आणि एकदा तो जुन्या पट्टीतला सूर काढून घेतात. पेटीत न बसणारा तो सूर मी फोनवर ध्वनिमुद्रित करून माझ्या नोंदीला जोडला आहे.

तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत अशी एखादी पेटी असेल, कॉर्नेटची, क्लॅरिओनेटची, कशाचीही, तर ती उघडा. कोरलेलं नाव आणि आकडा लिहून घ्या, फोटो काढा. चिंच लावून घासू नका, पक्कड लावू नका, गॅसवर धरू नका. आणि भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तुमच्या भागातल्या एखाद्या जुन्या बँडवाल्याला घरी बोलवा, त्याला चहा द्या आणि ते वाद्य त्याच्या हातात द्या.